इंग्रजीची धाव आणि मराठीची चाल

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास कोणत्या शब्दांची धास्ती वाटते, असे कोणी विचारले, तर बहुतेक जण लांबलचक शब्दांकडे बोट दाखवतील. चौदा-पंधरा अक्षरांचा एखादा शब्द फळ्यावर उमटला की वर्गातील चेहरे कसे उतरतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो. पण आमचा अनुभव असा की, हे धिप्पाड शब्द स्वभावाने अगदी गरीब असतात. एकदा त्यांच्या पाठीवर अर्थ लादला की तेवढाच अर्थ ते इमानाने जन्मभर वाहतात. खरे छळतात ते चिमुकले शब्द: गेट, पुट, सेट, रन. चण लहान, पण एका घरी म्हणून राहावयाचे नाही असा त्यांनी जणू पणच केलेला असतो. यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा लकडा संपादक-मंडळाने लावला, तेव्हा या टोळीतील एकाची, म्हणजे 'रन' या क्रियापदाची, कुंडली मांडावी असे आम्ही ठरविले.

'रन म्हणजे धावणे' हे सर्वांस ठाऊक आहे. मैदानावर शर्यत चालू असेपर्यंत हा अर्थ बिनबोभाट पुरतो. परंतु विद्यार्थी शाळेच्या फाटकाबाहेर पडून लालबागेच्या रस्त्याला लागला की तो अर्थ चार पावलांतच तोकडा पडू लागतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की, लालबाग म्हणजे बऱ्हाणपूरचे रेल्वे-स्टेशन ज्या वस्तीत आहे ती वस्ती. जुने शहर येथून थोडे दूर, तापीच्या काठी. मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरवरून १८७० साली जोडला गेला, तेव्हापासून या दोन महानगरांमधील गाड्या आमच्या दारावरून जात आहेत. आता स्टेशनावरची घोषणा ऐकावी. इंग्रजीत सांगतात की गाडी 'रनिंग टू अवर्स लेट' आहे. गाडी कुठेतरी सिग्नलापाशी निमूटपणे उभी असते, फलाटावरील माणसे घामाघूम होऊन घड्याळे पाहत असतात, आणि इंग्रजी भाषा छातीठोकपणे सांगत असते की गाडी धावते आहे! हिंदी घोषणेत तीच गाडी विलंबाने 'चल रही है', आणि भुसावळच्या बाजूला गेलो की मराठीत ती उशिरा 'धावत आहे'. एकच गाडी, एकच उशीर. एका भाषेत ती चालते, दोन भाषांत धावते. हिंदीत चालण्याला केवढा मान आहे हे पाहावयाचे असेल तर आमच्या शेजारच्या खांडव्यात जन्मलेले किशोरकुमार ज्यात होते त्या १९५८ सालच्या चित्रपटाचे नावच पाहावे: 'चलती का नाम गाडी'.

स्टेशन सोडून थोडे पुढे यावे. रंगीत कापड धुतल्यावर त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यास लागला, तर इंग्रज म्हणतो रंग 'रन' झाला. मराठीत रंग जातो. बऱ्हाणपूरच्या पेठेत कापड घेणारी जाणती बाई कोपरा ओला करून रुमालावर घासून पाहते, ती याच 'रन'च्या धाकाने. पडसे झाले की नाक 'रन' होते, मराठीत ते वाहते. पैसे 'रन' होऊन बाहेर गेले म्हणजे संपले. भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात सातपुडा पूर्व-पश्चिम 'रन' करतो! मराठीतील सातपुडा शहाणा. तो आपल्या जागी पसरून स्वस्थ असतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, पण इंग्लंडातील उमेदवार आमच्यासारखाच निवडणुकीस उभा राहतो. निवडून आल्यावर मात्र सर्व देशांतील उमेदवार बसतात, असे कोणी खोडकर विद्यार्थी म्हणेल, तर त्यास उत्तर देणे अवघड आहे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. या शब्दाला कुंपणच नाही. इंग्रजी भाषेचा जो सर्वांत मोठा कोश ऑक्सफर्ड येथे तयार होतो, त्याच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढे नव्या आवृत्तीचे काम सुरू झाले आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवावे लागले, आणि पीटर गिलिव्हर या कोशकाराचे सुमारे नऊ महिने एवढ्या एका शब्दात गेले. सहामाही परीक्षेसाठी शब्दार्थ पाठ करताना कुरकुरणाऱ्या मुलांनी या गृहस्थांचे स्मरण करावे.

आता मराठीकडे वळू. 'रन'च्या घोडदौडीपुढे आमचे 'धावणे' फार थोड्या कामाचे वाटते. मुलगा धावतो, घोडा धावतो, आग लागली की शेजारी धावतो, भक्ताने धावा केला की देव धावतो. धावण्यात निकड आहे, दम लागणे आहे. रोजची कामे मराठीत धावत नाहीत, ती चालतात. दुकान चालते, शाळा चालते, घड्याळ चालते, संसार चालतो. नाणे चालते, आणि खोटे निघाले की चालत नाही. भूमितीच्या तासाला बुद्धी चालेनाशी होते, पण मागल्या बाकावरील जिभा मात्र चालतच असतात. 'चहा चालेल का?' 'चालेल.' या संवादात चहा एक पाऊल टाकीत नाही आणि पाहुणाही जागचा हलत नाही. 'देवळात चपला घालून गेलेले चालत नाही' या वाक्यात तर चपला आहेत, जाणे आहे, चालणेही आहे. आणि तरीही त्या चालण्याचा पायांशी काडीइतका संबंध नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली. ज्यांना सवड असेल त्यांनी तीत 'चालणे' उघडून पाहावे. परदेशी माणसाला आपल्या एका साध्या शब्दापायी किती घाम गाळावा लागला असेल, याची कल्पना येईल. 'रन'वर वैतागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याचा सूडच म्हणा ना!

येथे एक सोपा सिद्धांत कोणालाही सुचण्याजोगा आहे. इंग्रजांची यंत्रे, दुकाने, राज्ये सगळी धावतात, आमची सगळी चालतात. तेव्हा इंग्रज चपळ आणि आम्ही संथ. असले सिद्धांत व्याख्यानांत टाळ्या मिळवतात. आम्हांस मात्र तो साफ खोटा वाटतो, आणि त्याचे कारण शब्दाच्या पोटातच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचे जे रूप होते, त्याचा अर्थ पायांनी धावणे असा होता, तसाच पाण्याने वाहणे असाही होता. त्याच्या जर्मन भावंडांची पुढे वाटणी झाली: 'रेनेन' म्हणजे धावणे, 'रिनेन' म्हणजे झिरपत वाहणे. इंग्रजीत दोन्ही घरे एकत्रच राहिली. तेव्हा पाण्याचे 'रन' होणे ही काही कवीची अतिशयोक्ती नव्हे. तो त्या शब्दाचा जन्मसिद्ध अर्थ आहे. गंमत अशी की, आमच्या 'धावणे'चे मूळ जो संस्कृत 'धाव्' धातू, त्याचेही दोन अर्थ आहेत, धावणे आणि वाहणे. मराठीत येता येता पाणी सांडले आणि पाय तेवढे उरले.

हा वाहण्याचा अर्थ ज्यास डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्याने लालबागेतील कुंडी भांडाऱ्यावर जावे. अब्दुर्रहीम खानखानान हा हिंदी दोहे लिहिणारा कवी रहीम म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत भेटतो. तोच जहांगीराचा येथील सुभेदार होता. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुरास पाणी पुरविण्यासाठी ही योजना आखली गेली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून तापीकडे उतरत असतो. त्या उतरणाऱ्या पाण्याला वाटेतच गाठावे, हा इराणातील कनातींचा जुना हिकमती मार्ग. एका ओळीत शंभरांहून अधिक उभ्या कुंड्या खणल्या, त्यांचे तळ भुयाराने जोडले, आणि भुयारास इतका बेताचा उतार दिला की पाणी आपल्याच वजनाने गावाकडे सरकावे. कुंड्यांच्या तोंडांतून आत हवा आणि उजेड जातो, गाळ काढावयास माणूस उतरू शकतो. ना मोट, ना रहाट, ना पंप. चारशे वर्षांत भिंतींवर चुन्याची पुटे चढून भुयार अरुंद झाले आहे, तरी पाण्याने आपली वाट सोडलेली नाही. २०२४ साली भारताने जागतिक वारशाच्या संभाव्य स्थळांच्या यादीत या भांडाऱ्याचे नाव घातले.

इंग्रजीत हे वर्णन करू जाता एकच शब्द दोनदा येतो. भुयार 'रन' करते आणि त्यात पाणीही 'रन' करते. मराठीत भुयार जाते, पाणी वाहते. दगडाच्या आणि पाण्याच्या वागण्यात फरक आहे हे मराठी विसरत नाही. दगडाने पाण्याची वाट धरली आहे हे इंग्रजी विसरत नाही. कोणाचे खरे, हा वाद आम्ही घालणार नाही.

जाता जाता एक योगायोग नोंदवून ठेवतो. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरकडे जाताना याच १६१५ सालच्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास उतरला आणि शाहजादा परवीझ याच्या दरबारी गेला. त्याच्या आधीही एखाददुसरा इंग्रज येथून गेला होता. म्हणजे भांडाऱ्याचे पाणी आणि इंग्रजी भाषा या दोघी आमच्या गावी जवळजवळ एकाच पिढीत आल्या. पाणी लोकांनी लगेच पिण्यास घेतले. इंग्रजीने अडीचशे-तीनशे वर्षे वाट पाहिली.

पाण्यावरून गिरणीकडे जाणे हे वरवर पाहता विषयांतर वाटेल, पण नाही. इंग्लंडात रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली क्रॉमफर्ड येथे सुताची गिरणी उभारली, ती पाण्याच्या चाकावर. पाणी धावले की चाक फिरे, चाक फिरले की चात्या फिरत. पाणी, चाक आणि गिरणी या तिघांसाठी एकच क्रियापद वापरणाऱ्या इंग्रजास त्यात काही विपरीत वाटण्याचे कारणच नव्हते. लालबागेत विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती मिल उभी राहिली, ती वाफेच्या युगात. सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. त्या विणकरांच्या गावात पुढे मिल आली आणि तिच्या मागोमाग घरोघरी लूम आले. मिल मात्र येथे कधी धावली नाही. आमच्या लोकांच्या तोंडी ती नेहमी चाललीच.

आणि तरीही 'रन'ने मराठीत शिरकाव केला नाही असे समजू नये. तो शिरला, पण वेषांतर करून. क्रिकेटमध्ये आपण धावा काढतो. फलंदाज 'रन आउट' झाला की तो धावचीत होतो. कुस्तीच्या आखाड्यातील 'चीत' क्रिकेटच्या मैदानावर आणून बसविणाऱ्याच्या कल्पकतेस आमचे वंदन. बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीतून ऐकविले, ते धावते समालोचन. विमान उतरते धावपट्टीवर. मुलींच्या शिवणाच्या तासाला जो धावदोरा घालतात, तो मात्र कोणाकडून उसना आणलेला वाटत नाही. सुई कापडावरून खरोखरच धावते. हा शब्द आम्हांस सर्वांत आवडतो.

एक भेद मात्र असा आहे की जो व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकला जातो आणि ज्याने आम्हांस फार विचार करावयास लावले. मराठीत चालणे वेगळे आणि चालविणे वेगळे. लूम चालतो, विणकर तो चालवितो. घर चालते, आई ते चालविते. त्या एका 'व'मध्ये चालविणाऱ्याचा हात दिसतो. इंग्रजीत दोहोंसाठी 'रन'च. 'द लूम रन्स' म्हटले तरी तोच शब्द, विणकर लूम 'रन' करतो म्हटले तरी तोच. त्यामुळे इंग्रजी वाक्यातून माणूस अलगद गाळता येतो आणि क्रियापद कुरकूर करीत नाही. दुकान चालते असे मराठीत म्हणतानाही माणूस गळतो हे खरे. पण ते कोण चालवितो असे विचारण्यासाठी भाषेने निराळे रूप हाताशी ठेवलेले असते. याच पानांत कोणी विद्यार्थी 'माझी आई' हा निबंध लिहील, तेव्हा त्याने 'आमचे घर चालते' असे न लिहिता ते कोण चालविते, हे लिहावे.

हे सर्व आम्ही २०२३ साली नववीच्या एका तासाला सांगत होतो, आणि शेवटी 'रन'ची वाक्ये करावयास सांगितली. नेहमीची वाक्ये आली. नदी धावली, कुत्रा धावला, एकाने आपल्या मामाचे किराणा दुकान 'रन' केले. मग खिडकीजवळच्या एका मुलाने विचारले, "सर, 'मिल चालत नाही' हे इंग्रजीत कसे म्हणावयाचे?"

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कोणी ना कोणी मिलमध्ये कामाला होते. साचेखात्यातील आजोबा, सूतखात्यातील काका. भोंगा ऐकून घड्याळ लावणारी माणसे आमच्या परिचयाची आहेत. २०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा मिल थांबली. टाळेबंदी उठली, पण साचे सुरू झाले नाहीत. त्यामुळे प्रश्न व्याकरणाचा असला तरी वर्ग शांत झाला.

मराठीत 'चालत नाही' हे एकच रूप आहे. आज चालत नाही, हेही त्यात बसते आणि चालण्याचा तिचा रिवाजच नाही, हेही बसते. इंग्रजीत आधी ठरवावे लागते. 'द मिल डज नॉट रन' म्हटले, की ती न चालणे हीच तिची स्थिती झाली, जशी तापी पूर्वेला वाहत नाही तशी. 'द मिल इज नॉट रनिंग' म्हटले, की ती तूर्त थांबलेली आहे. उद्या परवा भोंगा वाजला तर वाक्य खोटे ठरणार नाही, नुसते जुने होईल. आम्ही दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाने त्यास योग्य वाटेल ते वहीत उतरवावे असे सांगितले. एरवी एक बरोबर आणि एक चूक असे सांगून मोकळे होता येते. येथे व्याकरणाने दोन्ही बरोबर होती, आणि निवड मुलांनी त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवरून करावयाची होती.

मुले नेहमीपेक्षा अधिक वेळ लिहीत बसली. एकाने शेजाऱ्याच्या वहीत डोकावून पाहिले नाही, हेही आमच्या ध्यानात राहिले. वह्या गोळा करून घरी तपासावयास घेतल्या तेव्हा बहुतेकांनी दुसरे वाक्य लिहिले होते. पाच-सहा जणांनी पहिले लिहिले होते. त्यांतील दोघांचे वडील सुरतेस कामाला गेल्याचे आम्हांस माहीत होते. एका मुलीने दोन्ही वाक्ये लिहून दोन्हींवर रेघ मारली होती.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाची वही तळाशी निघाली. 'रन'ची रूपे आम्ही त्याच आठवड्यात पाठ करून घेतली होती: रन, रॅन, रन. मधले रूप बदलते आणि तिसरे पुन्हा पहिल्यासारखे होते, हे सांगताना वर्ग हसला होता. त्या तिसऱ्या रूपाची मुलाने आठवण ठेवली होती. फळ्यावरचे एकही वाक्य न घेता त्याने लिहिले होते, 'द मिल हॅज नॉट रन सिन्स मार्च २०२०.' मराठीत सांगावयाचे तर, मार्च २०२० पासून मिल चाललेली नाही. खाली त्याने कंसात मराठीतून विचारले होते, "सर, तारीख लिहिली तर चालेल ना?"

आम्ही 'चालेल' असे लिहून सही केली.